अर्जात मेजर कोणते लिहावे? अमेरिकी विद्यापीठांत प्रवेशाचे दार नेमके कुठे असते

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात शिरलेल्या मुलाच्या घरी ऑगस्ट महिना उजाडला की एक प्रश्न हमखास जेवणाच्या टेबलावर येतो. १ ऑगस्टला कॉमन ॲपचा नवा अर्ज खुला होतो आणि त्यात बहुतेक विद्यापीठे विचारतात, ‘कोणत्या विषयात पदवी घेण्याचा मानस आहे?’ सतरा वर्षांच्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असतेच असे नाही. आईवडिलांना मात्र त्यामागचा दुसरा प्रश्न छळत असतो: काय लिहिले म्हणजे प्रवेश मिळण्याची शक्यता वाढेल?

मित्रमंडळींत याविषयी दोन ठाम मते ऐकू येतात. पहिले, ‘कम्प्युटर सायन्स लिहिले की संपलेच.’ दुसरे, ‘काहीतरी सोपे लिहा, आत गेल्यावर बदलता येते.’ ही दोन्ही मते काही विद्यापीठांच्या बाबतीत खरी आहेत आणि काहींच्या बाबतीत इतकी चुकीची, की त्यावर विसंबून राहिलेल्या विद्यार्थ्याची चार वर्षे नको त्या विषयात जाऊ शकतात. मेजरमुळे शक्यता किती बदलते हे विषयापेक्षा विद्यापीठाच्या अंतर्गत रचनेवर अधिक अवलंबून असते. जागा कोठे मोजल्या जातात, अर्ज कोण वाचतो आणि एकदा आत गेल्यावर विषय बदलण्याची वाट उघडी राहते का, या तीन गोष्टी कळल्या की उरलेले बरेचसे कोडे सुटते.

महाराष्ट्रात शिकून आलेल्या पालकांना हे चटकन पटत नाही, त्याला कारण आहे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ‘कॅप’मध्ये, गुण हातात असत, मागील वर्षीचे कटऑफ छापलेले असत आणि पसंतीक्रमाचा अर्ज भरताना ‘ब्रँच की कॉलेज’ एवढाच वाद असे. संगणक अभियांत्रिकीला थोडक्यात हुकलेल्याला यंत्र अभियांत्रिकी मिळे आणि ते का मिळाले याचे उत्तर एका आकड्यात देता येई. अमेरिकेत असा एक आकडा नाही. शाळेचे गुण, घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे काम हे सारे एकत्र वाचले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसवर तर एसएटी व एसीटी यांचे गुण प्रवेशासाठी विचारातही घेतले जात नाहीत. तेव्हा ‘या विषयाचा कटऑफ काय?’ हा प्रश्न बहुतेक ठिकाणी निरर्थक ठरतो.

जेथे मेजर फारसे मोजले जात नाही

काही विद्यापीठे विद्यार्थ्याला संस्थेत घेतात, विभागात नव्हे. एमआयटीत पहिल्या वर्षी कोणालाच मेजर नसते. वर्षाअखेरीस विद्यार्थी आपला विषय जाहीर करतो आणि कोणताही विषय निवडण्यास तो मोकळा असतो. स्टॅनफर्ड, हार्वर्ड व येल येथे विषयाची औपचारिक निवड दुसऱ्या वर्षी होते. विल्यम्स, ॲमहर्स्ट यांसारख्या लहान लिबरल आर्ट्स महाविद्यालयांतही हीच परंपरा आहे. प्रिन्स्टन अर्जात कला शाखेची पदवी हवी की अभियांत्रिकीची एवढे विचारते.

मग हे विषय विचारतातच का? अर्ज वाचणाऱ्याला त्यातून एक चौकट मिळते. भौतिकशास्त्र लिहिणाऱ्या मुलीने शाळेत उपलब्ध असलेला सर्वांत वरचा गणिताचा वर्ग घेतला आहे का, इतिहास लिहिणाऱ्याने वर्गाबाहेर काही वाचले-लिहिले आहे का, हे पाहिले जाते. शिवाय प्रत्येक संस्थेला आपले सर्व विभाग नांदते ठेवायचे असतात. एका वर्षीचे सगळेच विद्यार्थी अर्थशास्त्र आणि कम्प्युटर सायन्सचे असणे कोणत्याही प्राध्यापकमंडळाला परवडत नाही. त्यामुळे अभिजात भाषा किंवा भूगर्भशास्त्र यांत खरोखर काम केलेल्या विद्यार्थ्याकडे लक्ष जाते. भर मात्र ‘खरोखर’ या शब्दावर आहे.

जेथे शाखा मोजली जाते

दुसऱ्या प्रकारात विद्यापीठाच्या आत अनेक महाविद्यालये असतात आणि अर्ज त्यांपैकी एकाकडे जातो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वॉर्टन, अभियांत्रिकी, नर्सिंग आणि कला-विज्ञान यांची दारे वेगळी आहेत. कोलंबियात कोलंबिया कॉलेज आणि अभियांत्रिकी शाखा यांत आधीच निवड करावी लागते. कार्नेगी मेलनमध्ये स्कूल ऑफ कम्प्युटर सायन्स स्वतंत्र आहे. त्याच विद्यापीठाकडून एका विद्यार्थ्याला एका शाखेसाठी नकार आणि दुसरीसाठी होकार येऊ शकतो. असे पत्र हाती आल्यावर घरात जो गोंधळ उडतो तो समजण्यासारखा आहे, कारण होकार आलेली शाखा पाहुणी म्हणून आलेली नसते; पुढची चार वर्षे तिच्यातच काढावी लागण्याची शक्यता असते.

कॉर्नेलचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेथील काही महाविद्यालये, उदाहरणार्थ कृषी व जीवविज्ञान, मानव परिसंस्था, औद्योगिक व कामगार संबंध, न्यूयॉर्क राज्याच्या साहाय्याने चालतात आणि त्या राज्याच्या रहिवाशांना तेथे शुल्क कमी पडते. ‘कृषी महाविद्यालयात अर्ज करा, स्पर्धा कमी’ हा सल्ला त्यामुळे न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या परिसरात अनेक वर्षे फिरतो आहे. पण व्यवस्थापन शिकवणारे डायसन स्कूल याच कृषी महाविद्यालयाशी जोडलेले आहे आणि ते कॉर्नेलच्या सर्वांत अरुंद दारांपैकी एक गणले जाते. महाविद्यालयाच्या नावावरून स्पर्धेचा अंदाज बांधणे किती फसवे असते, हे यावरून ध्यानात यावे.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये एकाच आवारात दोन पद्धती नांदतात. ‘लेटर्स अँड सायन्स’ महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या प्रवेशासाठी लिहिलेले मेजर विचारात घेतले जात नाही. तेथे जीवशास्त्राऐवजी मानववंशशास्त्र लिहून काहीही साधत नाही. अभियांत्रिकी, नर्सिंग आणि कलेच्या शाखांत मात्र मेजर निर्णायक ठरते. नर्सिंगच्या जागा तर इतक्या थोड्या आहेत की ती शाखा अभियांत्रिकीहूनही अवघड मानली जाते. आपल्याकडील पालकांच्या चर्चेत हे सहसा येत नाही.

जेथे थेट विभागात प्रवेश असतो

खरा पेच तिसऱ्या प्रकारात आहे आणि त्यात मोठी सरकारी विद्यापीठे येतात. मराठी कुटुंबांची मुले राज्याच्या रहिवासी शुल्कामुळे नेमकी याच विद्यापीठांत मोठ्या संख्येने अर्ज करतात.

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर अर्ज मेजरनिहाय वाचला जातो. विद्यापीठाचा एकूण स्वीकृती-दर अलीकडच्या वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास राहिला असताना ग्रेंजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील कम्प्युटर सायन्सचा दर दहा टक्क्यांच्याही खाली होता. म्हणजे शिकागोच्या उपनगरातल्या पालकाने ‘आपलेच राज्य विद्यापीठ, मिळेलच’ असे गृहीत धरले, तर तो एका आकड्याकडे पाहत असतो आणि मुलाचा अर्ज दुसऱ्याच आकड्याशी झुंजत असतो. याच विद्यापीठाने ‘सीएस प्लस एक्स’ नावाचे जोड-अभ्यासक्रम उभे केले आहेत: भाषाशास्त्र, खगोलशास्त्र, संगीत, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान अशा विषयांशी संगणकशास्त्राची सांगड. त्यांत स्पर्धा तुलनेने थोडी सैल असते, पण ज्याला दुसऱ्या विषयात रस नाही त्याला अर्धी पदवी ओझ्यासारखी वाहावी लागते.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल ॲलन स्कूलचे बहुतेक विद्यार्थी हायस्कूलमधूनच थेट घेतले जातात. अर्जात कम्प्युटर सायन्स पहिली पसंती म्हणून लिहिलेले नसेल, तर नंतर शिरकाव मिळणे अत्यंत दुरापास्त असते आणि हे विभाग स्वतःच स्पष्टपणे सांगतो. येथे रहिवासाचा फरकही प्रचंड आहे. राज्यातील अर्जदारांपैकी सुमारे चतुर्थांशांना प्रवेश मिळालेल्या वर्षी राज्याबाहेरच्यांपैकी जेमतेम दोन-तीन टक्क्यांना तो मिळाला होता. रेडमंड किंवा बेलव्ह्यूमध्ये राहणाऱ्या कुटुंबाचा मुलगा आणि डॅलसहून अर्ज करणारा त्याचा आतेभाऊ यांनी एकच मेजर लिहिले तरी ते दोघे वेगळ्या परीक्षेला बसलेले असतात.

बर्कलीत तर नियमच बदलला. पूर्वी ‘लेटर्स अँड सायन्स’मध्ये कोणत्याही विषयाने शिरून, ‘सीएस ६१ए’, ‘६१बी’ आणि ‘७०’ या तीन प्रारंभिक विषयांत ३.३ सरासरी राखली की कम्प्युटर सायन्सचे मेजर घेता येत असे. त्या अटीने अनेक पहिल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांची झोप उडवली, तरी वाट खुली होती. २०२३ च्या प्रवेशापासून अर्जातच हे मेजर निवडणे आवश्यक झाले आणि आतून बदलण्याची वाट अगदी चिंचोळी झाली. मोठ्या भावाने पाच वर्षांपूर्वी जे केले ते धाकटीला जमेलच असे आता राहिलेले नाही. सान डिएगो कॅम्पसवरही मोजक्या मागणीच्या विषयांत नंतर प्रवेश मिळवणे ही मर्यादित जागांसाठीची स्पर्धा असते.

कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या, म्हणजे ‘कॅल स्टेट’च्या, कॅम्पसवर ‘इम्पॅक्टेड’ असा शब्द वापरला जातो. मागणी क्षमतेपेक्षा जास्त झालेला विषय वा कॅम्पस असा त्याचा अर्थ. सॅन होजे स्टेट अशा विषयांचे मागील वर्षीचे किमान निर्देशांक विषयवार प्रसिद्ध करते. सिलिकॉन व्हॅलीतील पालकांना ‘कॅप’च्या कटऑफसारखे काही पाहायचे असेल, तर ते येथेच सापडेल. कॅल पॉली सान लुई ओबिस्पो येथेही अर्ज विशिष्ट मेजरसाठी असतो आणि बदलाची प्रक्रिया कडक आहे.

टेक्ससचा अपवाद, जो अपवाद नाही

टेक्ससमध्ये १९९७ च्या कायद्याने वरच्या दहा टक्क्यांतील हायस्कूल विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळू लागला. ऑस्टिनच्या विद्यापीठाला पुढे यात सवलत मिळाली. तेथे ही मर्यादा काही वर्षे वरच्या सहा टक्क्यांवर होती आणि २०२६ च्या प्रवेशापासून ती पाच टक्के झाली आहे. ह्यूस्टन-डॅलसच्या स्पर्धात्मक शाळांत मुले त्या पाच टक्क्यांत येण्यासाठी चार वर्षे धडपडतात. पण हा हक्क विद्यापीठाचा आहे, मेजरचा नाही. मॅककोम्ब्समधील व्यवस्थापन, कॉक्रेलमधील अभियांत्रिकी किंवा कम्प्युटर सायन्स हवे असेल तर वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचा अर्जही निबंध, विषय, काम यांच्या आधारे वाचला जातो. परिणामी ‘अभिनंदन, आपणास प्रवेश मिळाला’ असे पत्र येते आणि त्याखाली दुसऱ्या पसंतीच्या किंवा वेगळ्याच विषयाचे नाव असते. दुसरी पसंती म्हणून काय लिहिले होते, याचा विचार अनेक घरांत त्या दिवशी प्रथम होतो.

टेक्सस ए अँड एमने वेगळी पद्धत स्वीकारली आहे. अभियांत्रिकीत सर्वसाधारण प्रवेश आणि पहिल्या वर्षानंतर विशिष्ट शाखेची वाटणी. ३.७५ वा त्याहून अधिक सरासरी असल्यास पहिली पसंती निश्चित मिळते. अन्यथा पुन्हा अर्ज आणि पुन्हा स्पर्धा. प्रवेशाच्या वेळचा ताण येथे नाहीसा होत नाही, तो एक वर्ष पुढे ढकलला जातो इतकेच.

जागा का वाढत नाहीत

दहा वर्षांत अमेरिकेतील संगणकविषयक पदव्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली, प्राध्यापक मात्र त्या वेगाने मिळाले नाहीत. पीएच.डी. झालेल्याला उद्योगात जो पगार मिळतो तो सरकारी विद्यापीठ देऊ शकत नाही. प्रयोगशाळा, शिक्षक-सहायक, वर्गखोल्या यांनाही मर्यादा असतात. त्यामुळे विभागांपुढे दोन पर्याय उरले: आत आलेल्यांना पहिल्या वर्षी गुणांनी गाळणे, किंवा दारातच थांबवणे. अनेकांनी दुसरा पर्याय निवडला आणि निदान एका बाबतीत तो अधिक प्रामाणिक आहे. विद्यार्थ्याला नकार कॅम्पसवर पोचून शुल्क भरल्यानंतर नव्हे, तर आधी कळतो.

मागच्या दाराची युक्ती

आता त्या लोकप्रिय सल्ल्याकडे वळावे. ‘अवघड विषयाऐवजी सोपा लिहा, नंतर बदला.’ पहिल्या प्रकारच्या विद्यापीठांत ही युक्ती अनावश्यक आहे, कारण तेथे बदलाला अडथळाच नाही. तिसऱ्या प्रकारात ती घातक आहे, कारण तेथे बदल होतच नाही. उरतो मधला प्रकार, आणि तेथेही अर्ज वाचणारे अनुभवी असतात. रोबोटिक्सच्या चमूचे नेतृत्व, एपी कम्प्युटर सायन्स, उन्हाळ्यात कोडिंगची शिबिरे आणि मेजरच्या रकान्यात अचानक ‘समाजशास्त्र’. ही विसंगती लपत नाही. अनेक विद्यापीठे ‘हाच विषय का?’ असा वेगळा निबंध मागतात आणि खोटी आवड तेथे दुसऱ्या परिच्छेदापर्यंतही टिकत नाही.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती दुर्लक्षित राहते. रविवारच्या मराठी शाळेत तीन वर्षे लहान मुलांना शिकवणारी, आजीच्या वऱ्हाडी बोलीतील आणि आपल्या पुस्तकी मराठीतील फरक वहीत टिपून ठेवणारी मुलगी भाषाशास्त्र लिहिते तेव्हा ती युक्ती नसते. तिच्या अर्जात ते मेजर शोभते. अशा मुलांना ‘नोकरी कुठे मिळणार?’ म्हणून घरूनच संगणकाकडे वळवले जाते. मग त्या शेकडो एकसारख्या अर्जांच्या ढिगात त्यांचा अर्ज मिसळतो आणि जी गोष्ट त्यांना वेगळी ठरवू शकली असती, ती उपक्रमांच्या यादीत सातव्या क्रमांकावर जाऊन बसते. हा तोटा कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही.

‘अनिश्चित’, म्हणजे ‘अनडिक्लेअर्ड’, लिहिणे वाईट असते ही समजूतही तपासून घ्यावी. ज्या मुलाला जीवशास्त्र आणि इतिहास दोन्ही आवडतात त्याच्यासाठी ते अनेक ठिकाणी निर्धोक आणि खरे उत्तर आहे. पण ज्याला अंती अभियांत्रिकी वा संगणकशास्त्रच हवे आहे, त्याने थेट प्रवेशाच्या विद्यापीठात हे लिहिणे म्हणजे ते दार स्वतःच्या हाताने लावून घेणे होय. पर्यायी मेजरचेही तसेच: कॅलिफोर्निया विद्यापीठाचे काही कॅम्पस ते पाहतात, काही पाहत नाहीत.

कम्युनिटी कॉलेजचा मार्ग मराठी घरांत अजूनही कमीपणाचा मानला जातो, हे खेदजनक आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा व सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात. मागणीचे काही विषय त्यातून वगळलेले असतात, तेव्हा येथेही मेजर पाहावेच लागते. मात्र बदली-प्रवेशाची मेजरनिहाय आकडेवारी कॅलिफोर्निया विद्यापीठ स्वतः प्रसिद्ध करते, ही मोठी सोय आहे.

व्हिसा आणि मेजर

काही घरांत मात्र हा हिशेब प्रवेशापाशी संपत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या एच-१बी धारकांची मुले एच-४ वर असतात आणि एकविसाव्या वर्षी, म्हणजे बहुधा पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, त्यांचा आश्रित दर्जा संपू शकतो. पुढे शिकायचे तर एफ-१ विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. अनेक राज्यांत एच-४ वर असताना मिळणारे रहिवासी शुल्क त्यानंतर बहुतेकदा मिळत नाही. संघ सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्य तर दोन्ही स्थितींत नाही.

अशा विद्यार्थ्याला पदवीनंतर ‘ओपीटी’खाली बारा महिने काम करता येते, पदवी ‘स्टेम’ यादीतील असेल तर आणखी चोवीस महिने मिळतात. एच-१बीच्या सोडतीत एकदाच भाग घेता येणे आणि तीनदा घेता येणे यांतला फरक बहुतांशी येथेच ठरतो. यादीत विषय आहे की नाही हे नावावरून नव्हे, तर ‘सीआयपी’ संकेतांकावरून ठरते. सर्वसाधारण अर्थशास्त्राचा ४५.०६०१ हा संकेतांक स्टेममध्ये येत नाही. अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३ येतो. बऱ्याच विद्यापीठांनी आपल्या अर्थशास्त्र पदवीचा संकेतांक याच कारणाने बदलून घेतला आहे. व्यवस्थापनातही ‘मॅनेजमेंट सायन्स’चा ५२.१३०१ स्टेममध्ये आहे, पण सर्वसाधारण बिझनेस पदवी नाही. ज्या मुलीला संगणकात रस नाही पण व्हिसाच्या धास्तीने ती तो विषय लिहू पाहते, तिच्यासाठी हे दोन-चार आकडे मार्ग बदलणारे ठरू शकतात.

माहिती कोठे पाहावी

बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ प्रसिद्ध करतात, परंतु त्यात एकूण स्वीकृती-दर असतो, मेजरनिहाय नव्हे. ती आकडेवारी काही विभागांच्या प्रवेश-पृष्ठावर सापडते. त्याहून उपयुक्त पान निराळेच आहे: विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील ‘मेजर बदलणे’ या विषयाचे. सध्याच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असल्याने तेथील भाषा जाहिरातीची नसते. कोणते विषय बंद आहेत, किती सरासरी लागते, अर्ज वर्षातून किती वेळा घेतले जातात, हे सारे त्यात असते. कॅम्पस पाहायला गेल्यावर विभागाच्या सल्लागाराला ‘गेल्या वर्षी बाहेरून या मेजरमध्ये किती विद्यार्थी आले?’ असे सरळ विचारता येते. उत्तर टाळले गेले तरी त्यातून पुष्कळ कळते.

हे काम सप्टेंबरमध्येच उरकलेले बरे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्ज १ ऑक्टोबरपासून स्वीकारले जातात आणि अनेक विद्यापीठांची पहिली मुदत १ नोव्हेंबरला संपते. नवरात्र-दिवाळीच्या त्या धामधुमीत मेजरचा रकाना रात्री साडेअकराला घाईने भरला जातो, आणि ‘अनडिक्लेअर्ड’ हा पर्याय यादीत वरच सापडतो.